मदत हवी आहे: जिल्हावार खुनांचं प्रमाण काढताना लोकसंख्या कुठली धरावी?

विदर्भ आणि मराठवाडा यांची दर लाख लोकसंख्येमागे तुलना करतोय. एकूण गुन्हे मुद्दाम घेतले नाहीत; जिथे पोलीस तक्रार चटकन नोंदवून घेतात तिथे आकडा फुगतो, केरळचं तसंच होतं. खून सहसा दडत नाही, म्हणून फक्त तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ (खून), सन २०१८ ते २०२२.

अडचण अशी: एनसीआरबीचे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) आकडे पोलीस घटकांप्रमाणे आहेत. नागपूर शहर, नागपूर ग्रामीण, लोहमार्ग (रेल्वे पोलीस), सगळे वेगळे. जनगणना मात्र महसुली जिल्ह्याची, तीही २०११ ची. शहर-ग्रामीण बेरीज करून जिल्हा जुळवला, लहान जिल्ह्यांसाठी पाच वर्षांची सरासरी घेतली. लोहमार्गाचे खून तूर्त बाजूला ठेवलेत.

२००१-११ चा वाढीचा दर तसाच पुढे ओढला तर चालेल का, की जिल्हावार अंदाजित लोकसंख्या कुठे मिळते?