कादंबरीतला धाकटा राजपुत्र: तो दिवसभर करतो काय, आणि खातो कोणाचं?

पांझरा_काठ

राम राम मंडळी. तापीच्या खोऱ्यावर बेतलेलं एक काल्पनिक राज्य लिहायला घेतलंय. घराणं सातकुंडे, पाच पिढ्यांची गादी, काळ्या दगडाचा गड. वंशातल्या माणसांना गडावरच्या कुंडांतलं पाणी 'ऐकू येतं', एवढीच काय ती जादू. नायक जयत हा राजाचा चौथा मुलगा, वय एकोणीस, कोणाच्या खिजगणतीत नाही. अडचण अशी की पहिल्या तीन प्रकरणांत तो नुसता गच्चीत उभा राहून मावळता सूर्य बघतो. अशा मुलाला उत्पन्न कुठून मिळतं, त्याच्याकडे माणसं किती, त्याला अडवतं कोण? काळाचा साचा १४०० ते १६०० धरलाय. जाणकारांनी सांगावं.

थाळनेरचा_बुरूज

आधी 'खिजगणतीत नाही' हेच तपासा. थोरल्यालाच गादी असा पक्का नियम जिथे नाही, तिथे प्रत्येक भाऊ वारस असतो, आणि वारसावर पहारा असतो. कोणी लक्षच देत नाही असा राजपुत्र हवा असेल, तर त्याचं कारण तुम्हाला घडवावं लागेल.

आपल्याकडचं, खानदेशावर राज्य केलेलं फारुकी घराणं बघा. त्याचा मूळपुरुष मलिक राजा १३९९ मध्ये वारला. थोरल्या नसीरच्या वाट्याला लळिंग आलं आणि धाकट्या हसनला थाळनेर, म्हणजे बापाची राजधानीच. नसीरने असीरगड घेतला. डोल्यांत बायकामुलांऐवजी हत्यारबंद माणसं घालून तिथल्या गडकऱ्याला, आसा अहिराला, फसवल्याची गोष्ट सांगतात ती हीच. मग तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवलं, आणि १४१७ मध्ये माळव्याच्या होशंगशहाची कुमक आणून थाळनेर काबीज केलं. हसन कैदेत.

मधली अठरा वर्षं बघा. त्या काळात धाकटा भाऊ तापीच्या उत्तर काठावर जुनी राजधानी सांभाळून बसलाय, आणि थोरला एकेक गड जोडतोय. हसनच्या दृष्टीने रोज काहीच घडत नाही, आणि तेच त्याच्या विरोधात जातंय. गच्चीतला सूर्यास्त इथे चालेल, पण नदीपलीकडे नवीन तटाचं काम किती थर वर आलं हे तो त्या गच्चीतून मोजत असेल तरच.

पुढचा भाग कथेला जास्त उपयोगी आहे. हसनची पाती संपली नाही, गुजरातच्या आश्रयाला राहिली. १५०९ मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याने त्याच वंशातल्या आदिलखानाला खानदेशच्या गादीवर बसवलं. हा आदिलखान बेगड्याच्या मुलीचा मुलगा. धाकट्या पातीचा मुलगा शेजारच्या राजाला फार स्वस्तात पडतो: त्याला जेवू घालायचं, मुलगी द्यायची आणि वेळ आली की पुढे करायचं. म्हणून जयतची आई कुठली, हे पहिल्या दहा पानांत येऊ द्या. आजोळ तगडं असेल तर त्याला कोणी विसरणार नाही. आजोळ बुडालेलं असेल तर तो विसरला जाणं पटतं.

फडावरचा_हिशेब

उत्पन्नाचं मी सांगतो. मण-खंडीचं माप गावागणिक बदलायचं, म्हणून किलोत.

राजपुत्र कितीही उपेक्षित असला तरी २५ माणसं धरा: दाई, दोन-तीन कुणबिणी, स्वयंपाकी, पाणक्या, धोबी, घोडे सांभाळायला दोन मोतद्दार, एक कारकून, आठ-दहा पहारेकरी आणि त्यांच्यातल्या काहींची बायकामुलं. माणशी रोज ६५० ग्रॅम ज्वारी धरली तर वर्षाला सुमारे ६ टन. आता घोडे. घोड्याला रोज साडेतीन किलो हरभरा म्हटला तर चार घोड्यांना वर्षाला ५ टनांच्या वर. म्हणजे चार घोडे जवळजवळ वीस माणसांचं खातात, कडबा वेगळाच. राजपुत्राला कमी लेखायचं असेल तर त्याचा अपमान करावा लागत नाही. पागेतले दोन घोडे 'तूर्त' म्हणून थोरल्याकडे न्यायचे. शिकार बंद, दौरा बंद, लोकांना दिसणं बंद.

कोरडवाहू ज्वारी हेक्टरी ५०० किलो आणि त्यातला तिसरा हिस्सा सारा, असं धरलं तर ६ टनांसाठी सुमारे ३६ हेक्टर लागतात. घोड्यांचा हरभरा, मीठ-तेल, कापड आणि रोकड मिळवली की एक मध्यम गाव पुरतं. त्याला एकच गाव द्या, आणि त्या गावाचा पाटील त्याला ओळखतसुद्धा नाही असं दाखवा, कारण वसूल आधी राजाच्या खजिन्यात जातो आणि मग मोईन, म्हणजे ठरलेली नेमणूक, म्हणून परत येतो. गाव कागदावर त्याचं, पण धान्याची गाडी दिवाणाची. गाडी उशिरा येते, वरचे चार पोते चांगले, खालचे सोंड्यांनी पोखरलेले. शहाजहानच्या काळात जहागिरीचा कागदावरचा आकडा आणि हाती येणारा वसूल यांतली तफावत चक्क 'महिन्यां'त मोजायचे: आठमाही जहागीर म्हणजे वर्षातल्या आठच महिन्यांचा वसूल हाती, सहामाही म्हणजे सहा. तुमच्या राज्यातही अशी बोलीभाषा पाडा. 'चारमाही कुंवर' हे नाव जयतला दरबारात पडलेलं असू द्या, वेगळं वर्णन करावं लागणार नाही.

बाजारपेठेच्या जकातीतून नेमणूक हा दुसरा मार्ग. चाळीसगावजवळ पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे. निकुंभ राजा सोइदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाला पेठेतल्या मालावरचं राजाचं येणं तोडून दिलं, त्याची नोंद. त्याच्यामागे गादीवर त्याचा धाकटा भाऊ हेमाडिदेव आला. त्या साच्यावर जयतला तेलाच्या घाण्यांवरचा कर द्या. घाणे बंद पडले की त्याच्या महालात दिवे कमी होतात. हे वाचकाला दिसतं, खजिन्याचा आकडा दिसत नाही.

कळण्याची_भाकरी

थोडक्यात दोन गोष्टी. १४०० चा साचा असेल तर लाल तिखट शेवभाजी नको, मिरची पोर्तुगीजांनंतरची. टोमॅटो, बटाटा, मका, शेंगदाणासुद्धा नाही. तिखटपणाला मिरे, सुंठ, पिंपळी. कळण्याची भाकरी चालेल, ज्वारी आणि उडीद दोन्ही इथले. भरीत चालेल, पण हिरवी मिरची घालू नका. मांडे खुशाल घाला, मात्र सणाला. गव्हाची चैन चारमाही कुंवराच्या चुलीवर रोज नसते.

आणि भाषा. असला मुलगा आईपेक्षा दाईच्या हातात वाढतो. दरबारात तो दरबाराची भाषा बोलेल, पण झोपेतून दचकून उठला की 'काय करी ऱ्हायना?' हेच तोंडातून येईल. अहिराणी सगळीकडे पेरू नका. 'माले', 'तुले' एवढं पुरे, आणि तेही माणूस घाबरला किंवा लाडात आला की.

पांझरा_काठ

'चारमाही कुंवर' उचलतोय, हक्काने! दोन शंका. एक, त्याला गडावर कोंडून ठेवलेलं दाखवलं तर अतिरंजित होईल का? दोन, कुंडाचं पाणी ऐकू येणं रक्तात आहे, मग याच्यातही ते असणार. ते कोणाला कळलं कसं नाही?

असीरचा_पहारा

अतिरंजित? उलट खानदेशात ती रीतच होती. राज्यकर्त्याचे भाऊबंद असीरगडावर पहाऱ्यात, बायकामुलांसकट. जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात तर गडावर नेहमी सात राजपुत्र राखलेले असत आणि गादीवर बसायचं असेल तरच त्यातला एक बाहेर पडे, असं आहे. १५९७ मध्ये खानदेशचा सुलतान राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढताना पडला आणि मुलगा बहादूर अशा बंदिवासातून थेट गादीवर आला. १७ जानेवारी १६०१ ला असीरगड अकबराच्या ताब्यात. ज्याला सरदारांचे चेहरेही नीट माहीत नाहीत, तो अकबराच्या वेढ्यात कोणावर भरवसा ठेवणार?

पण ही कैद लिहिताना अंधारकोठडी, बेड्या, उंदीर हे सगळं टाळा. अशा कैदेत तीन गोष्टींवर नियंत्रण असतं: लोखंड, कागद आणि पाहुणा. न्हावी येतो तो वस्तरा मोजून देतो आणि मोजून परत घेतो. वैद्य येतो तो एकटा येत नाही. मुलांना अक्षर शिकवायचं की नाही यावर वाद होतात, कारण शिकलेला कैदी चिठ्ठी लिहितो. पहारेकरी बाहेरच्या मुलखातले घेतात, त्यांचे स्थानिक सोयरे नसावेत म्हणून, आणि ठरावीक मुदतीने बदलतात. हे बदलणं जिथे आळसाने राहून जातं, तिथे फट पडते. दहा वर्षं एकाच दारावर उभा असलेला माणूस पहारेकरी राहत नाही, तो घरचा होतो.

मोगलांचा ग्वाल्हेरच्या किल्ल्यातल्या कैदेचा प्रकार जास्त क्रूर होता. खसखशीची बोंडं रात्रभर भिजवून ते पाणी, 'पोस्त', कैदी राजपुत्राला सकाळी पाजायचे आणि ते प्याल्याशिवाय अन्न द्यायचे नाहीत. फ्रेंच प्रवासी बर्नियेने लिहून ठेवलंय. माणूस महिनोन्‌महिने झिजतो, बुद्धी मंदावते, आणि कोणाच्या हाताला रक्त लागत नाही. कादंबरीत वापरलंत तर पहिल्या महिन्यात नुसती सुस्ती आणि बद्धकोष्ठ दाखवा, एकदम वेड नको.

फट कशी पडते याचं उदाहरणही बुऱ्हाणपूरचंच आहे. अकबराचा सगळ्यांत धाकटा दानियाल तिथे सुभेदार होता, आणि त्याची दारू तोडण्यासाठी पहारे बसवले होते. बंदूकवाल्याने बंदुकीच्या नळीत भरून दारू आत पोचवली, आतला गंज आणि दारूगोळ्याचा मळ त्यात उतरला, आणि १६०५ मध्ये तो त्यातच गेला. जहांगीरने हे स्वतः नोंदवलंय. पहाऱ्याने दारूचे बुधले तपासले, शिकारीची बंदूक तपासली नाही.

थाळनेरचा_बुरूज

हाई बरोबर शे भाऊ. फक्त जयतला दानियालसारखा व्यसनी करू नका, ती वाट फार मळलेली आहे.

जादूचं सांगतो. शक्ती रक्तात असेल तर दरबार प्रत्येक मुलाची परीक्षा घेणारच. आठव्या वर्षी, साक्षीदारांसमोर, वहीत नोंद. मग चूक परीक्षेत पाहिजे. परीक्षा ठरलेल्या तिथीला होते, समजा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. तेव्हा उन्हाळ्याची परमावधी, कुंड तळाला. जयतचं आठवं वर्ष नेमकं दुष्काळात येऊ द्या. दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने १३९६ पासून बारा वर्षांचा सांगतात, तसा एखादा. कुंडात चिखल, त्यामुळे ऐकण्यासारखं काही नव्हतंच. कारकुनाने लिहिलं, 'ऐकत नाही'. थोरले तिघे सुकाळात तपासले गेले होते. फेरतपासणीची सोय वहीत नाही, आणि ती काढण्यात कोणाचाच फायदा नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जयतलाही ते खरं वाटतं. पाण्याचा आवाज त्याला येतो, पण सगळ्यांनाच येत असेल असं तो समजतो.

पांझरा_काठ

हे एकदम बसलं. मग बंड कोणत्या महिन्यात घडवू? मी आषाढ धरला होता, पावसाचं वातावरण म्हणून.

फडावरचा_हिशेब

आषाढात फौज हलत नाही भो. काळ्या मातीत बैलगाडीचं चाक आखापर्यंत रुततं, तापीला उतार राहत नाही, दाण्याची कोठारं रिकामी. म्हणूनच मोहिमा दसऱ्यानंतर. थाळनेर ते बुऱ्हाणपूर सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटर, लादलेल्या बैलांना कोरड्या वाटेने आठवडा. पावसात हिशेबच करू नका.

पण आषाढ सोडूही नका. पुरात घोडा पार होत नाही, सैन्य होत नाही, नाव होत नाही, पण वाळलेल्या भोपळ्यांची सांगड छातीशी बांधलेला एक पोहणारा होतो. पुढे उतार कुठे आहे आणि भोवरा कुठे, हे पाण्याच्या आवाजावरून कळणारा माणूस तुमच्या गडावर एकच आहे. आषाढात त्याला एकट्याला पलीकडे जाऊ द्या, आजोळच्या उरल्यासुरल्या माणसांकडे. फौज दसऱ्याला आणा. मधले तीन महिने गडावर त्याच्या नावाची ज्वारी येत राहील, आणि ती कोण खातंय हे कारकुनाला ठाऊक असेल.