घर बदलताना फ्रिज आणि वॉशिंग मशीन

प्रश्न: पुढच्या आठवड्यात सामान हलवायचंय. फ्रिज आणि फ्रंट लोड वॉशिंग मशीनची तयारी कशी करायची? फ्रिज आडवा नेला तर चालेल का?

उत्तर १: शक्यतो उभाच न्या. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. तसाच चालू केला तर तेलाअभावी कॉम्प्रेसर खराब होऊ शकतो. नाइलाजच असेल तर नव्या घरी 24 तास उभा ठेवून मगच प्लग लावा. आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, मागचा पाण्याचा ट्रे रिकामा करा, काचेचे कप्पे काढून वेगळे गुंडाळा.

उत्तर २: मशीनचे ट्रान्झिट बोल्ट (नेताना ड्रम जागेवर घट्ट धरून ठेवणारे बोल्ट) आधी शोधा. ड्रम स्प्रिंगांवर लटकलेला असतो. बोल्ट नसले तर गाडीच्या प्रत्येक धक्क्याला तो आतून आपटतो. मागच्या भोकांत बसवून पान्याने घट्ट करा. नळ बंद करून पाइप सोडवा. खाली पुढच्या बाजूला फिल्टर असतो, तिथे ताट ठेवून तो हळूहळू उघडा, बरंच पाणी निघतं.

प्रश्नकर्ता: बोल्ट सापडत नाहीत.

उत्तर २: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मॉडेल नंबर सांगून मागवा, अंदाजाने दुसरे बसवू नका. तोवर मिळाले नाहीत तर मशीन उभंच न्या, ड्रमभोवतीच्या फटीत जाड टॉवेल ठासा. आणि पोचल्यावर बोल्ट, टॉवेल काढल्याशिवाय मशीन अजिबात सुरू करू नका!