गॅस, कॉइलची शेगडी की इंडक्शन? (घरात दोन्ही वेळ भाकरी लागते)

लातूरची सून: नमस्कार. गावाकडून लातुरात राहायला आलोय. तिसरा मजला, लिफ्ट नाही. भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास जाते, ती वर आणताना घरातले आणि टाकीवाला दोघंही कुरकुरतात. हे म्हणतात गॅस बंदच करू, इंडक्शन घेऊ. शेजारच्या काकू म्हणतात कॉइलची शेगडी घे, आहे तीच भांडी चालतात. सासूबाईंना दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी लागते. काय करावं?

परभणीकर: ताई, भाकरी असेल तर गॅस सोडू नका. मी इंडक्शनवर करून बसलोय. खोलगट तवा काचेला नीट टेकतच नाही. सपाट लोखंडी तवा आणला, तर खालची कॉइल वीतभर आणि तवा त्याहून मोठा. मधे करपते, कडा कच्च्या. आणि फुगवायला जाळ कुठून आणायचा? फडक्यानं दाबून दाबून भाजली, तर आईनं "ही भाकरी हाय का पापड?" म्हणून ताटच सरकवलं. चहा, वरण, भात मात्र झकास होतो. दुधाला लक्ष ठेवा, स्वस्तातलं इंडक्शन मंद आचेवर सलग चालत नाही, चालू-बंद होत राहतं.

नांदेडचा वायरमन: उघड्या कॉइलची शेगडी घेऊच नका. दूध उतू जाऊन कॉइलवर गेलं की भांड्यात करंट उतरू शकतो. शिवाय बटण बंद केलं तरी कितीतरी वेळ तापलेलीच, घरात लेकरं असतील तर अवघड. इंडक्शन २००० वॅटचं असेल तर ९ अँपिअरच्या आसपास ओढतं. १६ अँपिअरचा सॉकेट हवा, एक्स्टेंशन बोर्ड नको. लाइट गेल्यावर घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालेल ही आशा सोडा.

बीडचे हिशोबी काका: खर्चाचं बघा. १४.२ किलो गॅसमध्ये साधारण १८० युनिटइतकी उष्णता. शेगडीवर त्यातली दोन-तृतीयांशच भांड्याला लागते, बाकी बाजूनं उडून जाते. इंडक्शनवर तेवढाच स्वयंपाक १४०-१४५ युनिटांत होतो. आता वीजबिल काढा. घरगुती दर टप्प्याटप्प्यानं वाढतो, म्हणून सरासरी धरू नका. इंडक्शनचे युनिट ज्या वरच्या टप्प्यात पडतील त्या दरानं गुणा आणि टाकीच्या किमतीशी ताडून बघा. १०० युनिटच्या आत बिल येणाऱ्याचं आणि ३०० युनिटवाल्याचं उत्तर एक येणार नाही.

परभणीकर: आणि हो, घ्यायच्या आधी भांड्यांना चुंबक लावा. चिकटलं तर चालतं.

लातूरची सून: लावलं! कुकर अ‍ॅल्युमिनियमचा, नापास. पितळी पातेलं नापास. स्टीलची पाच पातेली, त्यातली दोनच चिकटली. म्हणजे इंडक्शनसोबत कुकरचाही खर्च आला. गॅस ठेवतोय, वर एक इंडक्शन. टाकी तेवढीच जास्त दिवस पुरेल. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तुमचं ते चहाचं यंत्र आणा खुशाल, माझ्या तव्याला हात लावायचा नाही." आता तीन लिटरचा इंडक्शनवर चालणारा कुकर तिघांना पुरतो का, तेवढं सांगा.