मदत हवी आहे : विक्रीपूर्वी घराची दर्शनी बाजू कशी सुधारावी?

चौकट : नमस्कार. आमचे घर विकायचे आहे. गेल्या तीन महिन्यांत सात कुटुंबे येऊन गेली, पण त्यांतील चार फाटकाच्या आतही आली नाहीत. गाडीत बसूनच पाहिले आणि निघून गेली. एजंटचे म्हणणे आहे की घर समोरून बरे दिसले तर किंमत चार-पाच लाखांनी वाढेल. दर्शनी भिंतीला दोनदा रंग दिला, पण दोन्ही वेळा वर्षाच्या आत खालच्या भागाचे पोपडे निघाले. दीड लाखाच्या आत आणि दिवाळीपूर्वी काय करता येईल, ते कृपया लवकर सांगावे.

पांथस्थ : घर कोणत्या गावात आहे, बांधकाम किती जुने आहे आणि पोपडे जमिनीपासून किती उंचीपर्यंत निघतात, हे सांगितल्याशिवाय काहीही सुचवणे कठीण आहे.

शमी : आधी फाटकाकडे लक्ष द्या. आम्ही नाशिकचे घर विकताना गंज घासून काढला, रेड ऑक्साइडचा हात दिला, त्यावर गडद तपकिरी ऑइल पेंट लावला आणि दाराशी नवी पाटी व दिवा बसवला. एवढ्यानेच येणाऱ्यांच्या बोलण्यातला सूर बदलला. अंगणात मोठे झाड असेल तर तेही काढा, कारण झाडाआड घर दिसत नाही.

पांथस्थ : शमीताई, फाटकाचे पटते, झाडाचे नाही. शहरात झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शिवाय दारातली सावली अनेकांना हवीच असते.

चौकट : झाडाचा प्रश्नच नाही. घर सांगलीत आहे, बांधकाम १९९४ चे आहे आणि पोपडे साधारण तीन फुटांपर्यंत निघतात. कोणता रंग द्यावा, एवढेच विचारले होते.

गवाक्ष : सांगली म्हणजे पुढचा प्रश्न विचारायलाच हवा. २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराचे पाणी आत आले होते का?

चौकट : आले होते, चार फूट. आमच्या भागात सगळ्यांकडेच आले होते, म्हणून वेगळे लिहिले नाही. वडिलांनी कुंपणाच्या भिंतीवर लाल रंगाने रेघ ओढून त्या दिवसाची तारीख घातली आहे. ती पुसून टाकावी असे एजंट म्हणतो.

अर्थवेध : आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. रंगरंगोटी ही दुरुस्ती मानली जाते. भांडवली नफा, म्हणजे घर विकून झालेला फायदा, काढताना ती सहसा घराच्या खर्चात धरता येत नाही. घर २३ जुलै २०२४ पूर्वीचे असल्याने निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकाशिवाय (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार न वाढवता) १२.५ टक्के किंवा निर्देशांकासह २० टक्के, यांपैकी जो कर कमी येईल तो भरता येतो.

शमी : रेघ पुसावी, असेच मलाही वाटते. विकणाऱ्याने स्वतःच्या घराची उणीव दारावरच कशाला लिहून ठेवायची?

गवाक्ष : मी पूर्ण असहमत आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. सांगलीत घर पाहणारा माणूस शेजाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारतो. रेघ पुसलेली दिसली की आणखी काय लपवले असेल, अशी शंका त्याच्या मनात येते. शिवाय १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील कलम ५५ नुसार, खरेदीदाराला साध्या पाहणीत कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तो सांगणे त्याच्यावर बंधनकारक आहे. पुरानंतर वायरिंग कधी बदलले, बटणे किती उंचीवर घेतली, याच्या पावत्या दाखवा. त्यांचा उपयोग नव्या रंगापेक्षा अधिक होईल.

पांथस्थ : रेघेचा निर्णय चौकट यांनी घ्यावा, मला मात्र वेगळीच शंका आहे. पुराला इतकी वर्षे झाल्यावरही भिंत ओली राहते, म्हणजे तिला आजही कुठून तरी पाणी मिळत आहे. दर्शनी भिंतीला लागून काय आहे?

चौकट : फुलझाडांचा वाफा आहे. घर समोरून छान दिसावे म्हणून पुरानंतर विटांचा बांध घालून केला. रोज पाणी घालतो.

पांथस्थ : कारण हेच आहे. वाफ्यातली माती जोत्याच्या वर चढली असणार, त्यामुळे विटा रोज पाणी ओढतात आणि पुराने भिंतीत सोडलेले क्षार त्या ओलीबरोबर बाहेर येऊन रंग फोडतात. वाफा काढा, झाडे कुंड्यांत लावून फाटकापाशी ठेवा. भिंतीचा गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत खरवडून विटा उघड्या करा. वर आलेला पांढरा थर कोरड्या ब्रशने झाडून टाका. धुतला तर तो पुन्हा विटांतच मुरेल. भिंत वाळल्यावरच नवा गिलावा करा आणि तोही महिनाभर सुकू द्या. रंगाऱ्याने आतल्या भिंतीची ॲक्रिलिक पुट्टी बाहेर लावायला काढली तर त्याला थांबवा. बाहेर पांढऱ्या सिमेंटची पुट्टीच लागते.

शमी : एवढे करायचे तर दिवाळी निघून जाईल. ओल रोखणारा रंग मिळतो, तो लावून मोकळे व्हा.

पांथस्थ : ओल आत ठेवून वरून रंगाने बंद केली, की ती वर सरकते आणि आज तीन फुटांवर असलेले पोपडे उद्या पाच फुटांवर निघतात. भिंत वाळली का हे पाहायचे असेल, तर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दिवसभर ठेवा. आतून थेंब जमले तर थांबा.

चौकट : आठ दिवसांपूर्वी वाफा काढला, जोते खरोखरच मातीखाली गेले होते. गिलावाही उतरवला. काल प्लॅस्टिक चिकटवले होते आणि आज सकाळी ते आतून ओले होते. रंगाऱ्याला आता डिसेंबरची तारीख दिली आहे. तोपर्यंत फाटकाचे आणि पाटीचे काम उरकतो. कुंपणाची भिंतही रंगवणार आहे, पण वडिलांची रेघ तशीच ठेवून.