सातवीच्या पोरांचा डीएनए सरळच उभा राहतोय, पीळ कसा द्यायचा?

खानापूरची बाई:
नमस्कार. खानापूर तालुक्यात मराठी शाळेत विज्ञान शिकवते. डीएनएचं, म्हणजे पेशीतल्या त्या पिळलेल्या शिडीसारख्या आनुवंशिक रेणूचं, मॉडेल करायला घेतलं आणि फजितीच झाली. आधी टूथपिकला जेलीच्या गोळ्या टोचल्या, तर सकाळी कपाटात मुंग्यांची रांग. मग पुठ्ठा घेतला. आमच्याकडचा जुलैचा पाऊस माहीत आहेच तुम्हाला, सादळलेल्या पापडागत मान टाकली त्यानं. त्यात एका पोरीनं विचारलं, "बाई, शिडी सरळ असली तर काय बिघडतं?" (घरी कन्नड बोलणारा एक पोरगा शिडीला 'एणी' म्हणाला, आता सगळा वर्ग एणीच म्हणतोय.) 'जागा कमी लागते' असं सांगून वेळ मारून नेली, पण माझं मलाच पटलं नाही.

निपाणीचा मास्तर:
बाई, पुठ्ठा सोडा, सुतळी आणि बांबूच्या काड्या घ्या. डीएनएची प्रत्येक पायरी ए, टी, जी, सी या चार घटकांपैकी दोघांच्या जोडीची. ए आणि जी आकारानं मोठे, म्हणून त्यांच्या काड्या ६ सेंमी. टी आणि सी लहान, त्यांच्या ४ सेंमी. ए-टी, जी-सी अशा जोड्या सायकलच्या वालट्यूबच्या (बारीक रबरी नळीच्या) तुकड्यानं जोडा. पायरी कुठलीही असो, १० सेंमीच भरते. कुणी ए-ए लावलं की शिडी तिथंच फुगते, ओरडायला लागत नाही.

दोन्ही सुतळ्यांवर साडेतीन सेंमीवर एकेक पायरी बांधा, टांगा, आणि दहा पायऱ्यांत एक फेरा होईल असा पीळ द्या. पायऱ्यांमधलं अंतर आपोआप साधारण १.७ सेंमीवर येतं. खऱ्या डीएनएची रुंदी २ नॅनोमीटर, पायऱ्यांतलं अंतर ०.३४. म्हणजे प्रमाण तेच.

पोरीचं उत्तर पण यातच आहे बघा. पायऱ्या चपट्या असतात आणि त्यांना पाण्याचं वावडं. पेशीत तर सगळीकडे पाणी. शिडी सरळ ठेवली की पायऱ्यांमध्ये फट राहते, पाणी शिरायला मोकळं. पिळली की पायऱ्या एकमेकींवर बसतात आणि फट बुजते.

बेळगावचा फिटर:
मी शिक्षक नव्हे ओ, पण पीळ उलटा देऊ नका. साधा बोल्ट शेजारी धरा. त्याचे आटे समोरून डावीकडून उजवीकडे चढतात, डीएनए पण तसाच. पेपरात, जाहिरातीत उलटं चित्र छापलेलं पुष्कळदा बघितलंय मी.

खानापूरची बाई:
केलं! खिडकीच्या गजाला पाच एण्या लटकल्यात. खालची काडी बाकाला बांधली नाही तर सगळा पीळ सुटतो, हे ठेच लागल्यावर कळलं. एक गट उलटा निघाला, तो पोरांनीच दाराच्या बिजागरीचा स्क्रू बघून पकडला. आता विचारतायत, डीएनएच्या शिडीच्या दोन्ही बाजू साखर आणि फॉस्फेटच्या असतात ना, मग यात साखर कुठली आणि फॉस्फेट कुठला?

निपाणीचा मास्तर:
काडीची गाठ म्हणजे साखर. दोन गाठींमधली सुतळी म्हणजे फॉस्फेट, तिला खडूनं रंगवा. आणि वालट्यूब चिकटवून टाकू नका, पुढच्या तासाला शिडी मधून उसवायची आहे.