'व्यापारी वारे' : वाऱ्यानं व्यापार कधी केला?

प्रश्न
काल रात्री सातवीतल्या लेकीच्या भूगोलाची उजळणी चालली होती. 'व्यापारी वारे' आलं तशी ती म्हणाली, "पप्पा, वारं काय शाहूपुरीत गुळाचं दुकान घालून बसलंय?" शिडाची जहाजं त्या वाऱ्यावर व्यापाराला जायची म्हणून ते नाव, असं कायतरी ठोकून दिलं. खरं काय आहे? आणि काही पुस्तकांत त्यालाच 'पूर्वीय वारे' का म्हणतात?

प्रतिसाद
ठोकून दिलंत ते सगळेच ठोकतात. मीही कितीतरी वर्षं वर्गात तेच सांगितलं. घोळ भाषांतरात आहे. इंग्रजी 'ट्रेड'चा जुना अर्थ वाट, ठरलेला मार्ग. वारा 'ट्रेड' वाहतोय म्हणजे दिशा न बदलता एका वाटेनं वाहतोय. व्यापार हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला आणि मराठीत आणताना आपण नेमका तोच उचलला.

'पूर्वीय' त्या मानानं प्रामाणिक नाव. वारा जिकडून येतो, त्या दिशेचं नाव त्याला. मुलं मात्र इथंच चुकतात, 'पश्चिमी वारे' म्हटलं की बाण पश्चिमेकडं काढतात. मी सांगते, सांगलीचे पाहुणे म्हणजे सांगलीहून आलेले, सांगलीला निघालेले नव्हेत.

प्रश्नकर्ता
हे भारी आहे बाई. मग पावसाचं वारं यापेक्षा वेगळं का?

प्रतिसाद
धड्यात वेगळं, आभाळात नाही. दक्षिण गोलार्धातले पूर्वीय वारे आग्नेयेकडून विषुववृत्ताकडं येतात. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेला सरकतो, त्याच्या मागोमाग कमी दाबाचा पट्टाही विषुववृत्त सोडून पार गंगेच्या मैदानापर्यंत वर चढतो. त्याला गाठायला वारे विषुववृत्त ओलांडतात, आणि ओलांडलं की पृथ्वीच्या फिरण्यामुळं उजवीकडं वळतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत हे वळण घेऊन अरबी समुद्रावर आलेला तोच वारा नैर्ऋत्य मोसमी. जमीन आणि समुद्र कमीजास्त तापतात म्हणून मोसमी वारे सुटतात, असं हॅलीनं १६८६ मध्ये मांडलं (धूमकेतूवाला तोच हा). पृथ्वीच्या फिरण्याचा मुद्दा जॉर्ज हॅडली या इंग्रज अभ्यासकानं १७३५ मध्ये आणला. पुस्तकानं एकाच वाऱ्याचे दोन धडे केलेत, म्हणून पोरांना तो कळत नाही.

प्रतिसाद
मी गगनबावड्याकडचा. आमच्याकडं या सगळ्याला दोनच शब्द : वारं फिरलं. आमची आज्जी परड्यातल्या चुलीचा धूर बघायची. पाणी तापवायला चूल पेटवली आणि सलग चार सकाळी धूर उगवतीकडं लवला, की म्हणायची, "आता भात टाकून घ्या." धूळवाफेची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली, पेरणी उरकलेली नसली तर आज्ज्याची खैर नसायची.

एक तक्रार करतो. मे महिन्यात पाऊस पडला की टीव्हीवाले लगेच 'अवकाळी' म्हणून मोकळे होतात. अहो, तो वळीव! त्याची वेळच ती. वळवाचा ढग दुपारनंतर उगवतीकडून चढतो, गडगडतो, गारा टाकतो आणि तासाभरात मोकळा. मृगाचा पाऊस मावळतीकडून येतो, आवाज न करता, आणि मुक्कामाला बसतो. अवकाळी म्हणजे गव्हाच्या काढणीत पडतो तो. तिन्ही शब्द असताना एकच वापरायचा म्हणजे कमाल आहे.

आणि वारं एकच असलं तरी सगळ्यांना सारखं देत नाही. घाट चढताना ते आमच्या अंगावर रिकामं होतं. आमच्याकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर कोल्हापुरात हजाराच्या आसपास, पुढं शिरोळला त्याच्याही निम्मा. तरी पूर शिरोळलाच. २०१९ ला, २०२१ ला तिकडची माणसं आभाळाकडं नाही, वरच्या अंगाला पंचगंगेवर असलेल्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडं बघत होती. ४३ फूट म्हणजे धोका, हे तिथलं शेंबडं पोरगंही सांगतं.

प्रतिसाद
'वारं फिरलं' वरून आठवलं. 'मोसम' मूळ अरबी, 'मौसिम', म्हणजे ठरलेला काळ, हंगाम. अरबांकडून तो पोर्तुगीजांनी घेतला, तिथून इंग्रजीत जाऊन 'मॉन्सून' झाला आणि आपल्याकडं परतला. 'मोसमी' आणि 'मॉन्सून' सख्खे भाऊ. एक घरात राहिला, दुसरा लिस्बनमार्गे आला. (मोसंबीचा मात्र यात हात नाही. ती मोझांबिकची.)

व्यापाराचं बिरुद वाऱ्याला द्यायचंच असेल, तर ते मोसमीला शोभतं. रोमन काळात इजिप्तमधून जहाजं भर उन्हाळ्यात निघायची, नैर्ऋत्येचं वारं पाठीशी घेऊन आपल्या किनाऱ्याला लागायची, आणि हिवाळ्यात ईशान्येचं वारं सुटलं की परत. लांब कशाला, आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडनची काशाची मूर्ती सापडली. समुद्राचा ग्रीक देव पंचगंगेच्या काठावर! तो काही घाट चालत चढायला आला नव्हता.

प्रतिसाद
जाता जाता : 'नैऋत्य' नव्हे, 'नैर्ऋत्य'. त्या दिशेची देवता निर्ऋती, म्हणून. वेदांत ही संकटाची, विनाशाची देवी. आणि आपण तिच्याच दिशेकडं डोळे लावून बसतो.

प्रश्नकर्ता
सगळं लेकीला वाचून दाखवलं. पेपरात 'व्यापारी वारे'च लिही म्हटलं, मार्क पुस्तकाच्या हातात. 'वळीव' तिला ठाऊकच होता, आमची वाळत घातलेली मिरची दोनदा भिजवलीय त्यानं. आता तो पोसायडन बघायचा हट्ट धरलाय. रविवारी टाउन हॉलच्या म्युझियमला नेतोय.