वेंगुर्ल्याच्या घरातील दुधी काचेचे पात्र: कारखाना आणि उपयोग

प्रश्न (वेंगुर्ले):
आमच्या जुन्या घराच्या फडताळात चार बोटे उंचीचे, दुधी रंगाचे, चौकोनी पात्र मिळाले असून त्याच्या चारही बाजूंवर फुलापानांची उठावदार नक्षी आहे. बुडाला तुरा असलेल्या पक्ष्याचे डोके आणि त्याशेजारी पत्त्यांतील चौकटसारखी आकृती पुसट दिसते. तिच्या उजव्या कोपऱ्यात ‘पी’ हे इंग्रजी अक्षर आहे. घरात ते चिनी मातीचे समजले जाई व आजी त्यात उदबत्त्या ठेवत असे. ते कोणी आणि कशासाठी बनवले असावे?

प्रतिसाद (रत्नागिरी):
कोपऱ्यांवरून बोट फिरवून पाहावे. वरपासून खालपर्यंत बारीक उभी शीर लागली, तर तो साच्याचा सांधा होय. वितळलेली काच साच्यात टाकून वरून दट्ट्या दाबत असल्यामुळे बाहेर नक्षी उठते, पण आतली बाजू गुळगुळीत राहते; साच्यात फुंकलेल्या काचेत मात्र बाहेरचे उंचवटे आतूनही जाणवतात. पक्षी मोर असल्यास कारखाना इंग्लंडमधील गेट्सहेडचा सॉवरबी, ज्याने हे चिन्ह १८७६ मध्ये नोंदवले. चिन्ह नीट तपासावे, कारण गेट्सहेडच्याच डेव्हिडसनचे चिन्ह बुरुजावरचा सिंह होते आणि संडरलँडच्या ग्रीनरचेही सिंहच. झिजलेल्या ठशात डोक्याचा आकार फसवू शकतो.

प्रतिसाद (मालवण):
चौकट ही ब्रिटनमधील नक्षी-नोंदणीची खूण असून ती १८४२ ते १८८३ या काळात वापरात होती. ‘पी’ हे वर्षाक्षर दोनदा आले, १८५१ आणि १८७७ साठी. परंतु १८६७ पर्यंत वर्षाक्षर वरच्या कोपऱ्यात असे आणि १८६८ पासून उजवीकडे. त्यामुळे आपली नक्षी १८७७ ची ठरते. हे नोंदणीचे वर्ष आहे, पात्र घडवल्याचे नव्हे, कारण चांगला खपणारा साचा पुढेही वापरला जात असे. म्हणून ‘१८७७ किंवा त्यानंतरचे’ एवढेच म्हणावे. चौकटीच्या माथ्यावरील वर्तुळात काचेच्या वर्गाचा रोमन तीन आहे का, तेही पाहावे.

प्रतिसाद (गुहागर):
उपयोगाचा निर्णय मात्र चिन्हावरून होत नाही, तो आकारावरून करावा लागतो. अशी उभी, अरुंद पात्रे फुलांच्या लहान गुच्छासाठी, किंवा शेगडीवरून मेणबत्ती पेटवण्याकरिता लागणाऱ्या कागदी सुरळ्या ठेवण्यासाठी असत. यांतील एकच उपयोग निश्चित सांगणे मला योग्य वाटत नाही. आजींनी त्यात उदबत्त्या ठेवल्या ही घरातील नोंद स्वतंत्रपणे लिहून ठेवावी, तिलाही मोल आहे. एक विनंती: राखेने किंवा चिंचेने घासू नये, कारण ओरखड्यांनी पुसट ठसा कायमचा जाईल, कोमट पाणी व मऊ फडके पुरे.

प्रश्नकर्ता:
तळावर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलके फिरवली. मोराचा तुरा स्पष्ट उमटला आणि वरच्या वर्तुळात तीन उभ्या रेघाही दिसल्या. आतली बाजू गुळगुळीतच आहे. सर्वांचे मनःपूर्वक आभार.